लँडमास्टरची खोड

मला राग लवकर येतो, आणि राग आला की मी शुद्ध बोलायला लागतो. आटपाडीच्या शाळेतली पोरं त्यावरूनच हवा ओळखतात. एरवी "गप बसा की रं" म्हणणारा मास्तर "तुम्ही शांत बसणार आहात की नाही" असं म्हणाला, की मागच्या रांगेतली पोरं न सांगता हात पुढे करतात. सांगलीत आप्पासोच्या दुकानात त्या दिवशी मी पहिल्या वाक्यापासून शुद्ध बोलत होतो.

आधी घरची माणसं सांगतो. माझ्या दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या. थोरली हरणा आकारामला, धाकटी तानू त्याच्या पाठच्या भावाला, नानासोला. आम्ही सगळे मेंढरांमागची माणसं. खडू हातात धरणारा आमच्यातला मीच पहिला, त्यामुळे कुठल्याही कागदावर काय लिहिलंय ते मला विचारायचं, आणि तेही सही झाल्यावर विचारायचं, अशी दोन्ही घरांची रीत पडून गेली होती.

आकाराम काही वर्षं कोयनेच्या धरणावर ठेकेदाराच्या ट्रकवर होता. तिथून तो लायसन घेऊन आला आणि माणूस बदलूनच आला. मेंढरं राखायचा, पण कान सगळे रस्त्याकडे. लांबून आवाज आला की ट्रक आहे की एस.टी., कुठल्या गिअरात आहे, हे सांगायचा. "बा मेंढरामागं पाय झिजवून मेला, आजा तसाच मेला. आपली पोरं तरी बसून पोट भरतील," असं म्हणायचा. शेवटी सहासष्ट साली दोघा भावांनी मेंढरं विकली आणि सांगलीत जुन्या गाड्या विकणाऱ्या आप्पासोकडून एक काळी लँडमास्टर मोटार घेतली, भाड्यानं चालवायला.

नानासोचा मेंढरांवर जीव होता. विकायच्या दिवशी तो घरी थांबलाच नाही, रानात जाऊन बसला. पण थोरल्या भावापुढं त्याचं कधी चाललं नव्हतं आणि त्याला ते चालवायचंही नव्हतं. गाडी दारात आली तेव्हा त्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि एकच विचारलं, "दादा, खोड इचारलीस न्हवं?"

"इचारली की. काय न्हाई म्हणला."

"मग बरं."

हे खोडीचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात भाव ठरतो तो टॉवेलाखाली, हातात हात घालून. तो हात सोडण्याआधी विकणाऱ्यानं जनावराची खोड सांगायची असते. लाथ मारतो, नांगराला बसतो, पान्हा चोरते, जे असेल ते. सांगितलेली खोड ऐकून जनावर नेलं तर पुढचं सगळं नेणाऱ्याच्या गळ्यात. न सांगता विकलं आणि पुढं निघाली, तर विकणाऱ्यानं जनावर परत घ्यायचं आणि चारचौघांत म्हणायचं, खोड होती, मी झाकली. कागद नाही, शिक्का नाही, पण या शब्दावर आमच्याकडं पिढ्या निघाल्या आहेत. त्या दोघा भावांनी गाडीही अशीच घेतली, बैल घ्यावा तशी.

कागद होता, नाही असं नाही. मला तो नंतर दाखवला. छापील करारनामा, त्यावरचं "दक्षिण सातारा" खोडून वर शाईनं "सांगली" लिहिलेलं. वाहन जसे आहे तसे, पाहून व पारखून घेतले, मागाहून कोणतीही तक्रार चालणार नाही. खाली आकारामची वाकडी सही. मी कपाळावर हात मारला. आकाराम हसला आणि म्हणाला, "मास्तर, कागदाचं सोडा. बोलणं झालंय."

सहा-सात महिने गाडी बरी चालली. जवळपासची भाडी असायची, दिघंची, खरसुंडी, बाजाराच्या दिवशी दोन-तीन खेपा. तानू त्या गाडीला काळी म्हस म्हणायची. गाडी दारात आली की आतून ओरडायची, "वैरण टाका गं, म्हस आली." आकारामला राग यायचा आणि मग तोही हसायचा. तानू तशीच होती. माझ्या लग्नात तिनं माझ्या सासऱ्याला उखाणा घ्यायला लावला होता. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, पण मला ती जोत्या म्हणायची आणि माझ्या शुद्ध बोलण्याची नक्कल करायची. मला दुसरं कोणी जोत्या म्हटलेलं चालत नाही. आता म्हणणारं कोणी राहिलंही नाही.

चैत्रात तिचे दिवस भरले. वेणा सुरू होऊन रात्र सरली, सकाळ झाली, बाळ सुटेना. सुईण म्हणाली, माझ्या हातातलं नाही, मिरजेला न्या. गाडी दारातच उभी होती. तेव्हा सगळ्यांना किती बरं वाटलं असेल, गाडी घेतल्याचं सार्थक झालं असंच वाटलं असेल. मागं हरणा तानूचं डोकं मांडीवर घेऊन बसली, हरणाचं आपलं पाच महिन्यांचं पोर सुईणीच्या मांडीवर. पुढं आकाराम आणि नानासो. मी शाळेत होतो. पुढचं सगळं मला हरणानं सांगितलं.

ऊन चढलं होतं. भिवघाटाच्या पायथ्याला आकारामनं गाडी हळू केली आणि म्हणाला, "नाना, जरा उबी करू का?"

"आता कशाला? थांबू नगंस दादा. चल."

आकारामनं एकदा भावाकडं बघितलं, मागं तानूकडं बघितलं आणि गिअर टाकला. निम्मा घाट चढून गाडी बसली. पुढून वाफ निघाली आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच. आकाराम खाली उतरून हँडल मारत राहिला, हाताची सालं निघाली. खाली-वर एक वाहन नव्हतं. तानूला उतरवून बाभळीच्या सावलीत निजवलं, लुगड्याचा आडोसा केला. तिथं मुलगी झाली. मुलगी रडली, आणि तानूनं "काय झालं" म्हणून विचारलंसुद्धा. पण रक्त थांबलं नाही. गाडी गार होऊन चालू झाली तेव्हा घाई करायचं कारण संपलेलं होतं.

मुलगी जगली ती हरणाच्या दुधावर. एका बाजूला आपलं पोर, एका बाजूला तानूची पोर. तेराव्यापर्यंत घर कसंबसं एकत्र जेवलं. चौदाव्या दिवशी नानासोनं त्या चुलीचं खाणं सोडलं. घरामागं तीन दगड मांडून तो स्वतःच भाकरी थापायला लागला, कच्ची, करपलेली. लेकीला बघायला दारापर्यंत यायचा, उंबरा ओलांडायचा नाही. हरणानं हात जोडले, रडली. तो म्हणाला, "वैनी, तुमच्यावर राग न्हाई. खोड कुणाच्या गळ्यात हाय ते ठरू द्या. शेटनं चारचौघांत म्हणू दे, खोड व्हती, मी झाकली. त्या दिशी मी घरात येतो, दादाच्या ताटात जेवतो."

हरणा माझ्याकडं आली. माझ्या घरात येऊन ती कधी बसत नाही, त्या दिवशी भिंतीला टेकून खालीच बसली. "जोतिबा," ती म्हणाली, "आमचं घर फुटलं तर ही पोर कुणी पाजायची? त्यो घरात आला पायजे. तुझं तोंड चालतंय म्हणत्यात सगळी. एकदा आमच्यासाठी चालीव."

मला एवढंच हवं होतं. कुणावर तरी राग काढायला मी टपलो होतोच, आणि कागदावर फसवणारा शहरातला गाडीवाला शेट यापेक्षा सोयीचा माणूस मिळाला नसता. ठरलं. पहाटे निघालो, त्याच गाडीतून. आकाराम चालवत होता, शेजारी मी, मागं नानासो आणि हरणा, हरणाच्या ओटीत दोन्ही लेकरं. घाटाच्या पायथ्याला आकारामनं गाडी उभी केली, पाणी घातलं, रस्त्याकडेला बसून राहिला, आणि मग चढवली. बाभळीपाशी कुणी तिकडं बघितलं नाही, मीही नाही.

आप्पासोचं दुकान मिरज रस्त्याला होतं. पत्र्याची शेड, समोर चार-पाच जुन्या गाड्या, आत टेबल आणि गादी. आप्पासो पन्नाशीचा, टोपी घातलेला, अंगानं भरलेला माणूस. गाडी बघताच त्यानं आकारामला ओळखलं, चहा सांगितला. मी चहाला नको म्हणालो.

"आपण यांना सदोष वाहन विकले आहे," मी सुरुवात केली. "त्या दोषामुळे माझी बहीण रस्त्यात मरण पावली. आपण करारनाम्याकडे बोट दाखवाल, ते मला ठाऊक आहे. पण आमच्या लोकांत खोड सांगितल्याखेरीज व्यवहार पुरा होत नाही, आणि आपण ती सांगितली नाही."

बाई गेल्याचं ऐकून आप्पासोचा चेहरा पडला. तो उठून उभा राहिला. त्यानं हरणाकडं बघितलं, तिच्या ओटीतल्या लेकरांकडं बघितलं. शेडमधले दोन मिस्त्री हातातलं काम टाकून दाराशी आले होते, चहावाला कप घेऊन तसाच थांबला होता. चारचौघं आपसूक जमली होती.

नानासो पुढं झाला. टोपी काढून त्यानं हातात धरली होती. "शेट, मला पैसं नकोत. गाडी परत घिऊ नका. फकस्त म्हणा, खोड व्हती आन मी झाकली. एवढंच म्हणा. मी तुमच्या पाया पडून जातो."

आप्पासो नानासोकडं बघत नव्हता. तो आकारामकडं बघत होता. आकाराम खाली.

"मी कसं म्हणू?" आप्पासो हळू आवाजात म्हणाला. "मी सांगितली होती."

"नीट आठवा, शेट," नानासो म्हणाला.

"माझा बाप खरसुंडीच्या बाजारात दलाल होता. खोड झाकून मी सायकलसुद्धा विकलेली नाही. याचा हात हातात घेतला होता मी, इथंच, या गादीवर. म्हणालो, तापली की बसते. चढाच्या आधी उभी कर, पाणी घाल, गार होऊ दे. भर उन्हात न थांबता चढवलीस तर तासभर हलणार नाही. भाव त्यासाठीच उतरवला होता."

"तुमचं दुसरं कोण गिऱ्हाईक आसंल. किती लोकं येत्यात तुमच्याकडं. आठवा, शेट."

"नाही रे बाबा. हाच होता. भंडारा उचलून सांगतो."

नानासो टोपी डोक्यावर ठेवून बाजूला झाला.

माझं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी आकारामची बंडी धरली होती आणि तो मागं सरकत टेबलाला टेकला होता, एवढं आठवतं. त्यानं हात वर केले नाहीत. मी शुद्धही बोलत नव्हतो आणि अशुद्धही, तोंडातून नुसता आवाज निघत होता. मी जिला लहानपणी पाठुंगळी घेऊन हिंडवली ती यानं मारली, एवढंच डोक्यात होतं. नानासोनंच माझी बोटं एकेक करून सोडवली. "मास्तर, सोडा. लेकरं उठत्याल."

तेव्हा आकाराम बोलला. कुणाकडं न बघता, गाडीकडं तोंड करून बोलला.

"सांगितलं आसतं तर नान्यानं मेंढरं इकू दिली नसती. मला वाटलं, मला गाड्या कळत्यात, हळूहळू करीन दुरुस्त. मग रोज वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. घाटाखाली आलो तवा तोंडाशी आलं व्हतं. पर ह्या गाडीपायी तुजी मेंढरं गेली आन हिलाच खोड हाय, ह्ये कसं सांगू त्याला, त्या टायमाला? मला वाटलं, जाईल. एक डाव जाईल चढून."

तानूची पोर रडायला लागली होती. हरणा भिंतीकडं तोंड करून बसली आणि तिला पाजायला लागली. ते बघून मी बाहेर गेलो.

भांडण मिटलं ते फार सरळ मिटलं. आप्पासोवर काहीच बंधन नव्हतं, कागदाचंही नाही आणि बाजाराच्या रीतीचंही नाही. तरी तो म्हणाला, ही गाडी तुमच्या दारात उभी राहायला नको. त्यानं ती परत घेतली, जुना करारनामा फाडला आणि व्यवहार मोडल्याचा नवा कागद लिहिला. मी तो वाचून दाखवला. कुणी ऐकत नव्हतं. या खेपेला सही व्हायच्या आधी कागद माझ्याकडं आला होता.

स्टँडवर आटपाडीच्या गाडीला वेळ होता. आकाराम लांब नळापाशी उभा होता. मी नानासोशेजारी बाकावर बसलो. माझ्या डोक्यातला जाळ गेला नव्हता. त्याला म्हणालो, "आता कळलं न्हवं? त्या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस. हवं तर माझ्याकडं ये."

"मला ठावं व्हतं," नानासो म्हणाला.

मला कळेना.

"मास्तर, घाटाखाली दादानं उबी करू का म्हणून इचारलं. गाडी घेतल्यापासनं त्यानं मला कदीच काय इचारलं नव्हतं. तवा ध्यानात आलं न्हाई. ती बसली, वाफ निघाली, आन दादाचं तोंड बघितलं, तवा कळलं. त्याला ठावं व्हतं. आन थांबू नगंस म्हणणारा मी. दोगांनी मिळून घालवली तिला."

"मग आम्हाला इथवर कशाला आणलंस?"

समोर कराडची गाडी लागली होती, लोक चढत होते.

"शेट लोकं खोटं बोलत्यात म्हणत्यात सगळी," तो म्हणाला. "वाटलं, ह्योबी बोलंल. घाबरून म्हणंल, झाकली म्हणून, आन मिटवून टाकंल. तसं झालं आसतं तर मी आन दादानं जलमभर त्याला शिव्या दिल्या आसत्या. एका ताटात जेवून दिल्या आसत्या. मला पोरगीजवळ ऱ्हायाचं व्हतं, मास्तर. दादाजवळबी ऱ्हायाचं व्हतं. ठावं आसून ऱ्हाता आलं आसतं, पर आता सगळ्यांनी ऐकलं. आता रोज त्यो माज्याकडं खाली मान घालून बघनार. मला ते बघवनार न्हाई."

आप्पासो खरा निघाला याचं इतकं दुःख कुणाला झालं नसेल. मीच त्याला खोटा ठरवायला निघालो होतो, आणि आता मनापासून वाटत होतं, मेला एकदा तरी खोटं बोलला असता.

नानासो उठला. तो हरणाजवळ गेला. मुलगी झोपली होती. त्यानं तिला घेतलं नाही, नुसतं वाकून बघितलं. "वैनी," तो म्हणाला, "हिला तुमास्नी आई म्हणू द्या. दादाला बा म्हणू द्या. मोठी झाली तरी सांगू नका."

"भाऊजी, आवं, समद्यांसंगं जेवूनखाऊन ऱ्हावा की..." हरणा म्हणाली.

"कराडकडं आपल्यातली मेंढरं बसल्यात नदीकाठाला. तितं जातो. कुणीबी ठिवून घील मला."

तो कराडच्या गाडीत चढला. मी अडवलं नाही. गाडी निघाली तेव्हा तो पलीकडच्या खिडकीला बसला होता, त्यामुळे दिसला नाही.

थोड्या वेळानं आमची गाडी लागली. आकाराम आधीच पुढं पळत जाऊन चढला होता. हरणाला आणि लेकरांना मी मागं बसवलं. पुढं गेलो तर आकाराम दोघांच्या बाकावर खिडकीशी बसला होता आणि शेजारच्या जागेवर त्यानं आपला पटका ठेवला होता. गाडी भरली, माणसं उभी राहिली. कंडक्टरनं पटक्याकडं बोट केलं. "ही जागा कुणाची?"

"धाकल्या भावाची हाय," आकाराम म्हणाला. "नळावर पाणी प्याला गेलाय. येतोय आता."

सकाळी दुकानात त्याचा जीव घ्यायला निघालेला मी त्याच्याजवळ उभा होतो. मी पटका उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि कंडक्टरला म्हणालो, बसवा कुणाला तरी.